बीजगणित, बगदाद आणि बहिणीचा हिस्सा

"गणित आपल्या पोराच्याने होत नाही." पुसद, दिग्रस, उमरखेड, आर्णी, वणी, कुठेही जा, हे वाक्य कानावर पडतंच. पोरगं दहावीत गणितात काठावर निघालं तरी घरात पेढे वाटतात, आणि पुढे गणित नसलेली शाखा शोधली जाते. गंमत अशी की हेच वाक्य बोलणारे वडील कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन, भाव, हमाली आणि आधी घेतलेली उचल यांचा हिशेब कागदाशिवाय लावतात. जुन्या मंडळींना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असायची. उर्दू शाळेत शिकलेल्यांनी तेच पाढे पौवा, अद्धा, पौना, सवैया, ड्योढा म्हणून घोकले. म्हणजे भीती हिशेबाची नाही. गणित हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे, आपण त्यात पाहुणे आहोत, अशी ती भावना आहे.

आम्हाला ही भावना मुळातच चुकीची वाटते. त्याचं कारण एका अशा हिशेबात आहे, जो आपल्या प्रत्येक घरात कधी ना कधी करावाच लागतो आणि बहुतेक घरांत टाळला जातो. तो म्हणजे वारसांच्या वाटणीचा. गणिताच्या एका अख्ख्या शाखेला ज्या पुस्तकाने नाव दिलं, त्याचा मोठा भाग याच हिशेबासाठी लिहिलेला आहे. पण तिथे पोचण्याआधी आकड्यांची गोष्ट सांगायला हवी.

शून्य वापरून दहा चिन्हांत कितीही मोठी संख्या लिहायची पद्धत भारतात तयार झाली. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला, त्यात शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम आहेत. शिल्लक रकमेला त्याने 'धन' म्हटलं आणि देण्याला 'ऋण'. आजही शाळेत आपण धन संख्या, ऋण संख्या म्हणतो, ती भाषा मुळात देण्याघेण्याची आहे. ७६२ साली अब्बासी खलीफा मन्सूरने बगदाद वसवलं, आणि त्याच शतकात संस्कृतातले ज्योतिषाचे ग्रंथ तिथे अरबीत उतरवले गेले. त्यांच्याबरोबर हे आकडेही गेले.

पुढच्या शतकात मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांनी या आकडेमोडीवर पुस्तक लिहिलं. त्याची मूळ अरबी प्रत आज नाही, लॅटिन रूपांतरं मात्र आहेत. लॅटिनमध्ये त्यांच्या नावाचं 'अल्गोरित्मी' झालं. मोबाईलमध्ये कोणता व्हिडिओ आधी दिसावा हे ठरवणारा 'अल्गोरिदम' हा शब्द तिथून आला आहे. रिकामं या अर्थाने शून्याला अरबीत 'सिफ्र' म्हटलं गेलं. उर्दूत ते सिफर, लॅटिनमध्ये झेफिरुम आणि शेवटी झिरो. १२०२ मध्ये पिसा शहरातल्या फिबोनाचीने युरोपीय व्यापाऱ्यांना हे आकडे शिकवणारं पुस्तक लिहिलं. ते आकडे तो लहानपणी उत्तर आफ्रिकेतल्या बिजाया बंदरात शिकला होता, वडील तिथे पिसाच्या व्यापाऱ्यांचं काम पाहत. युरोपने या आकड्यांना अरबी आकडे म्हटलं. अरब मात्र त्यांना 'अर्काम हिंदिया', म्हणजे हिंदी आकडे म्हणत आले. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव लावायचं, एवढी सचोटी त्या व्यवहारात होती.

उर्दू माध्यमाच्या पोरांनी एक गोष्ट हजारदा केलेली असते. ओळ उजवीकडून डावीकडे लिहायची आणि मधे आकडा आला की तो डावीकडून उजवीकडे. आकड्यांनी केलेल्या प्रवासाची ही खूण रोज आपल्या वहीत उमटते. मराठी शाळेतलं पोरगं 'वजाबाकी' करतं तेव्हा 'वजा' आणि 'बाकी' हे दोन्ही शब्द अरबी असतात. हिशेब, जमा, रक्कम, वारस, हिस्सा हेही तिकडचेच. उलट दहावीच्या त्रिकोणमितीतला 'साइन' बघा. संस्कृत 'ज्या' किंवा 'जीवा', त्याचं अरबीत 'जीब' झालं, अरबी लिहिताना स्वर गळतात म्हणून पुढच्यांनी ते 'जैब' वाचलं, म्हणजे खळगा किंवा वस्त्राचा गळा. लॅटिन भाषांतरकाराने खळग्याला आपल्या भाषेत 'सायनस' म्हटलं. एका चुकीच्या वाचनातून आलेला शब्द आज जगभरची मुलं घोकतात!

ख्वारिज्मींचं दुसरं पुस्तक जास्त महत्त्वाचं. खलीफा मामूनच्या काळात, ८२० च्या सुमारास लिहिलेलं. नावात दोन शब्द आहेत, जबर आणि मुकाबला. 'अल-जबर'वरूनच अल्जिब्रा. जबर म्हणजे मोडलेलं हाड पुन्हा बसवणं, तुटलेलं भरून काढणं. न समजलेल्या संख्येला ते 'शै' म्हणजे 'वस्तू' म्हणत. समजा, शंभरातून एक शै वजा केला तर चार शै उरतात. डावीकडे शैने 'तूट' आहे. ती भरून काढा, उजवीकडेही एक शै वाढवा. शंभर बरोबर पाच शै, म्हणून शै वीस. हा झाला जबर. आता पन्नास अधिक एक शै हे वीस अधिक तीन शैंएवढं आहे असं धरा. दोन्ही बाजूंना समोरासमोर उभं करा आणि सारखं सारखं उडवा. तीस बरोबर दोन शै, म्हणून शै पंधरा. हा मुकाबला. सातवी-आठवीत 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' असं घोकून घेतलं जातं आणि पोरगं तिथेच अडकतं. त्यामागे तूट भरणं आणि सारखं उडवणं एवढंच आहे, हे सांगितलं तर अर्धी भीती तिथेच जाते असं आम्हाला वाटतं.

त्या पुस्तकात सगळं शब्दांत आहे, आजच्यासारखी चिन्हं नाहीत. एक उदाहरण गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. एका संख्येचा वर्ग आणि त्या संख्येची दहापट मिळून ३९ होतात, तर ती संख्या कोणती? चौकोनी वाफा डोळ्यासमोर आणा. त्याची बाजू म्हणजे आपला शै. दहापटीचे दोन भाग करा आणि वाफ्याच्या दोन लगतच्या बाजूंना पाच-पाच रुंदीच्या पट्ट्या जोडा. वाफा आणि दोन पट्ट्या मिळून क्षेत्रफळ ३९. आता कोपऱ्यात एक चौकोन रिकामा राहिला, पाच बाय पाचचा, म्हणजे २५ चा. तो भरला की पूर्ण मोठा चौकोन तयार, ३९ अधिक २५, म्हणजे ६४. त्याची बाजू ८. त्यातून पट्टीचे ५ गेले, शै उरला ३. ताळा करा: तीनाचा वर्ग ९, दहापट ३०, मिळून ३९.

यात उत्तरापेक्षा चित्र मोलाचं आहे. पद्धत का चालते, हे ते डोळ्यांना दाखवतं. ग्रीक युक्लिडने भूमितीची रचना थोड्या गृहीतकांवर केली होती, एकेक विधान सिद्ध करत. बगदादमध्ये युक्लिडही अरबीत आला होता. भारताची आकडेमोड आणि ग्रीकांचा सिद्धतेचा आग्रह, दोन्ही एकाच शहरातल्या टेबलांवर आले. युक्लिडचं समांतर रेषांबद्दलचं गृहीतक उमर खय्याम आणि नसीरुद्दीन तूसी या दोघांनाही सतावत होतं. आपल्याकडे खय्याम म्हटलं की रुबाया आठवतात, पण त्याने घन समीकरणांवर लिहिलेला ग्रंथही मोठा आहे. ती खटपट पुढे एकोणिसाव्या शतकात नव्या भूमितीपर्यंत गेली. १९३१ मध्ये तर कुर्ट ग्योडेलने दाखवलं की अंकगणित सामावणारी कोणतीही विसंगतीरहित नियमरचना घेतली, तरी तिच्यात काही विधानं अशी राहतात जी त्या नियमांनी सिद्धही होत नाहीत आणि खोडताही येत नाहीत. पाया खणायचं काम अजून संपलेलं नाही, एवढं लक्षात घेऊन आपण मूळ पुस्तकाकडे परत येऊ.

या पुस्तकाचा शेवटचा मोठा भाग मृत्युपत्र आणि वारसांवर आहे. कुरआनच्या सूरह निसामध्ये, ११, १२ आणि १७६ या आयतींत, वारसांचे हिस्से अपूर्णांकांत दिलेले आहेत: निम्मा, पाव, आठवा, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, सहावा. एकेक हिस्सा सोपा. पण खऱ्या घरात पाच-सात वारस, त्यात कर्ज, त्यात वसीयत, म्हटलं की डोकं चालवावं लागतं. ख्वारिज्मींचं पहिलंच उदाहरण बघा. एक माणूस दोन मुलगे सोडून वारला. मालमत्तेचा एक तृतीयांश एका परक्या माणसाला द्यावा अशी वसीयत. हातात रोख दहा दिरहम, आणि एका मुलाकडे दहा दिरहम येणं. मुलाकडे फेडायला वेगळं काही नाही, त्याच्या वाट्यातूनच काय ते वळतं करायचं, असं धरून हिशेब.

त्याच्या वाट्यातून वळते होणारे ते शै. मग मालमत्ता झाली दहा अधिक एक शै. तिसरा हिस्सा परक्याला दिला. उरलेल्या दोन तृतीयांशाचे दोन मुलांत समान भाग, म्हणजे प्रत्येकाला एकूण मालमत्तेचा एक तृतीयांश. कर्जदार मुलाचा भाग शै एवढाच आहे. म्हणून तीन शै बरोबर दहा अधिक एक शै, दोन शै बरोबर दहा, शै पाच. एकूण मालमत्ता पंधरा. रोख दहांपैकी पाच वसीयतवाल्याला, पाच दुसऱ्या मुलाला. कर्जदार मुलाचे पाच त्याच्या देण्यात वळते. हा हिशेब घरात भांडण न होता सुटावा, म्हणून बीजगणिताचं हे पुस्तक. विषय राजाच्या खजिन्याचा नाही, दोन भावांच्या भांडणाचा आहे.

आता कुणी विचारेल, हे सगळं बगदादचं, आपल्या मुलुखाचं काय? तर आपल्या मुलुखात बीजगणित बगदादकडून आलेलं नाही, ते इथे आधीपासून होतं. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' पूर्ण केला, 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचे भाग. भागीदारांनी लावलेल्या भांडवलानुसार नफा कसा वाटायचा, व्याज कसं काढायचं, हे सगळं 'लीलावती'त आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ही नोंद. अज्ञात संख्येला संस्कृत गणिती 'यावत्तावत्' म्हणत, म्हणजे 'जेवढं असेल तेवढं'. दुसरी अज्ञात आली तर रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. (यावत्तावत् ऐकून यवतमाळकरांचे कान टवकारले असतील. दुर्दैवाने आपल्या गावाच्या नावाचा त्याच्याशी काही संबंध नाही!)

यवतमाळचा गणिताच्या इतिहासाशी लागणारा धागा वेगळाच आहे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने लिहिलेल्या 'आईने अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या महसुलाची कोष्टकं आहेत. त्यात कळंब ही सरकार आहे आणि यवतमाळचं नाव 'योत-लोहारा' असं येतं. लोहारा म्हणजे आज आपल्याला शहरालगतचं म्हणून माहीत असलेलं तेच गाव. ज्या घरात बसून आपल्या गावाचा महसूल कागदावर मांडला गेला, त्याच घरातल्या थोरल्या भावाने, कवी फैजीने, १५८७ मध्ये 'लीलावती'चं फारसीत भाषांतर केलं. भास्कराचार्यांच्या मुलीचं लग्न, घटिकापात्रात पडलेला मोती, टळलेला मुहूर्त ही गोष्ट मराठी शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तिचा सर्वांत जुना माहीत असलेला लेखी आधार फैजीच्या त्या फारसी प्रस्तावनेत सापडतो.

विदर्भाचाही वाटा आहे. पयोष्णीकाठच्या दधिग्राम इथून काशीला गेलेल्या एका ज्योतिषी घराण्यात कृष्ण दैवज्ञ झाले. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर त्यांनी टीका लिहिली, नियमांमागची कारणं देणारी, आणि त्यांना आश्रय होता जहांगीर बादशहाचा. मग शाहजहानच्या काळात, १६३४-३५ मध्ये, त्याच 'बीजगणिता'चं फारसी भाषांतर झालं. भाषांतरकार अताउल्लाह रशीदी, ताजमहालाचे शिल्पकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचे चिरंजीव. यांचं नाव आणखी एका ठिकाणी वाचायला मिळतं. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातल्या बीबी का मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर शिल्पकार म्हणून अताउल्लाह आणि त्यांच्या जोडीला हंसपतराय ही नावं कोरलेली आहेत. शाळेची सहल मकबऱ्याला जाते, पोरं फोटो काढून 'मिनी ताज' म्हणून परत येतात. हा घुमट उभारणाऱ्याने भास्कराचार्यांचं बीजगणित फारसीत नेलं होतं, हे तिथे उभं राहून एखाद्या मास्तरांनी सांगावं अशी आमची फार इच्छा आहे. उलट दिशेचा प्रवासही झाला. अठराव्या शतकात सवाई जयसिंगांच्या आश्रयाला असलेल्या सम्राट जगन्नाथांनी तूसींच्या अरबी युक्लिडवरून संस्कृत 'रेखागणित' तयार केलं.

आता आपल्या घरातल्या वाटणीकडे येऊ. समजा, यवतमाळच्या एका गृहस्थाचं निधन झालं. मागे पत्नी, आई, दोन मुलगे आणि एक मुलगी. आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज (पत्नीचा मेहर द्यायचा राहिला असेल तर तोही कर्जच), मग वसीयत असेल तर जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत. हे सगळं वजा जाऊन बारा लाख उरले. मुलं आहेत म्हणून पत्नीला आठवा हिस्सा, आईला सहावा. दोन्हींसाठी छेद २४ घ्या: ३ आणि ४, मिळून ७. उरले १७. ते मुला-मुलीत दोनास एक या प्रमाणात, म्हणजे २, २, १, एकूण पाच भाग. १७ ला पाचाने भाग जात नाही, म्हणून २४ ला पाचाने गुणून १२० भाग करा. पत्नी १५, आई २०, प्रत्येक मुलगा ३४, मुलगी १७. बेरीज १२०. बारा लाखांचा एकशेविसावा भाग दहा हजार. पत्नीला दीड लाख, आईला दोन लाख, मुलांना प्रत्येकी तीन लाख चाळीस हजार, मुलीला एक लाख सत्तर हजार. सातवीचं अपूर्णांकांचं गणित आहे हे, त्यापलीकडे काही नाही.

प्रत्यक्षात काय होतं? बहिणीला माहेरी बोलावलं जातं, चांगलंचुंगलं जेवण होतं, आणि हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते. किती हक्क सोडला, हे तिला आकड्यात कुणी सांगितलेलंच नसतं. एक लाख सत्तर हजार हा आकडा समोर ठेवून तिने राजीखुशीने सोडला तर तो तिचा अधिकार. आकडाच न सांगता घेतलेल्या सहीला आम्ही राजीखुशी म्हणणार नाही. आईचा सहावा हिस्सा तर बहुतेक घरांत मोजणीतच धरत नाहीत, 'अम्मी आपल्याकडेच राहणार' म्हणून. शेतीबाबत एक खबरदारी: १९३७ च्या शरीअत कायद्याच्या कलम २ मध्ये शेतजमिनीचा अपवाद आहे. सातबाऱ्यावर वारस नोंद करण्याआधी जाणकार वकील आणि मुफ्ती दोघांनाही विचारलेलं बरं.

कधी कधी हिस्स्यांची बेरीज एकापेक्षा जास्त होते. बाई मूलबाळ न होता वारली, मागे पती आणि दोन सख्ख्या बहिणी. पतीला निम्मा, बहिणींना मिळून दोन तृतीयांश. सहा भागांत मांडलं तर ३ आणि ४, म्हणजे सात! रिवायतींनुसार हजरत उमर यांच्या खिलाफतीत असा पेच आला आणि तोडगा निघाला की छेदच सहाऐवजी सात करायचा. पतीला सातातले तीन, बहिणींना चार. सगळ्यांची घट सारख्या प्रमाणात. याला 'औल' म्हणतात. इब्न अब्बास यांचं मत वेगळं होतं आणि शिया फिकहमध्ये औल मानत नाहीत, पण हनफी पद्धतीत आजही हाच नियम चालतो. वाटणीच्या भांडणातला पेच प्रमाणाच्या नियमाने सुटतो, याचं इतकं नेटकं उदाहरण शाळेच्या पुस्तकातही क्वचितच सापडेल.

आठवी-नववीच्या मुलामुलींनी आज रात्री जेवणानंतर घरच्यांसमोर हे एक सोडवून दाखवावं. एका बाईचं निधन झालं, मागे पती, आई, एक मुलगा, एक मुलगी. पतीला पाव, आईला सहावा, उरलेलं मुला-मुलीत दोनास एक. भाग ३६ पडतात: पती ९, आई ६, मुलगा १४, मुलगी ७.